गालातली जाळी

८ फेब्रुवारी

काथ्या,

नमस्कार. तुझं पत्र थंडी सुरू व्हायच्या आधी आलं आणि मी उत्तराला आज बसलोय, त्याबद्दल माफ कर. आळस नव्हता. लिहायला बसलो की तुला जे सांगायचं नाही तेच आधी डोक्यात यायचं आणि मी कागद घडी करून ठेवून द्यायचो. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. घरातले ऐकतील.

गोष्ट तोंडाची आहे. सुरुवात टोमॅटोने झाली. जेवताना एक फोड तोंडात टाकली आणि गालाच्या आतून पेटलेली काडी फिरवल्यासारखी आग झाली. वाटलं, टोमॅटो आंबट असेल. मग तिखट झोंबायला लागलं, मग गरम चहा, आणि आता दात घासायची पेस्टसुद्धा. सकाळी ब्रश केला की डोळ्यांत पाणी येतं. शेवटी एक दिवस आरशापुढे उभा राहिलो, गाल बोटाने ओढला आणि आत बघितलं.

आत पांढरी जाळी आहे. थर नाही, डाग नाही, जाळी. आपण दुकानात सोफ्याच्या बैठकीच्या स्प्रिंगा सुतळीने बांधायचो, आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरक्या, आणि बांधून झाल्यावर वरून जशी दिसायची तशीच, फक्त केसाएवढ्या बारीक रेघांची. इतकं नीट काम आहे की मी घाबरायचं विसरून नुसता बघत राहिलो. घाबरलो ते नंतर, पलंगावर टेकल्यावर. मग रुमालाने पुसून पाहिली. चमच्याच्या कडेने खरवडून पाहिली. जात नाही.

मला संशय खिळ्यांचा आहे. आपण उभा जन्म सोफे आणि खुर्च्या भरण्यात घालवला आणि उभा जन्म तोंडात खिळे धरले. मूठभर बारीक खिळे गालात, जिभेने एकेक वळवून डोकं ओठांबाहेर काढायचं आणि हातोडीच्या चुंबकाला चिकटवायचं. किती गंज पोटात गेला असेल, कुणी मोजलाय? तोच आता गालातून फुटत असेल. पण गंज लाल आणि हे पांढरं. ते काही जुळत नाही.

म्हणून तुझं तोंड बघणं जरुरीचं आहे. तू माझ्याच बाकावर बसून त्याच डब्यातले खिळे तोंडात धरलेस. उजेडात जा, गाल ओढ आणि जाळी आहे का ते लिही. तुला असेल तर खिळ्यांचं. तुला नसेल तर दुसरंच काही आहे, आणि ते काय असेल तो शब्द मी लिहीत नाही. आपल्या रेक्झिनवाल्याचं काय झालं ते तू विसरला नसशील. त्याचंही तोंडातच सुरू झालं होतं.

घरात कुणाला बोललो नाही. मुलगा दिवसभर कामावर, त्याला कशाला घोर. लागण होत असेल तर नातीला नको म्हणून मी माझा कप आणि ताट वेगळं केलंय. स्वतः धुतो आणि खिडकीत पालथं घालतो. नात माझ्या कपातला शेवटचा घोट घ्यायची, तिला आता हाकलतो. भाजी नळाखाली धुऊन खातो. सूनबाई बघत असते.

तोंड बघितल्याशिवाय उत्तर लिहू नकोस.

तुझा,
कुरकुऱ्या

२० फेब्रुवारी

कुरकुऱ्या,

दुकानात तुला हे नाव उगीच पडलं नव्हतं. सैल सांध्याची खुर्चीसुद्धा कुणी बसल्यावर कुरकुरते, तू बसायच्या आधीच सुरू होतोस. एकदा खिळा गिळला म्हणून चुंबकाची हातोडी पोटाला लावून बाकावर आडवा झाला होतास, आठवतं का? मालक बघायला आले तर त्यांना म्हणालास, हलवू नका, आत्ता कुठे वर येतोय. संध्याकाळी तो खिळा तुझ्या दुमडलेल्या बाहीत सापडला.

तरी तुझं ऐकलं. बेसिनवरच्या आरशात दोन्ही गाल ओढून बघितले. लेक मागून येऊन विचारते, दात पडला का. गाल दोन्ही नव्या रेक्झिनसारखे आहेत. जाळीबिळी काही नाही.

आता तू म्हणशील, म्हणजे ते दुसरंच. थांब जरा. मी रिकामा बसलेला माणूस, मी यावर विचार केलाय. खिळे तू कायम डाव्या गालात धरायचास. उजवी बाजू मोकळी ठेवायचास, कारण बडबड थांबवणं तुला जमत नव्हतं. तर मला सांग, जाळी कुठल्या गालात आहे? नुसती डाव्यात असेल तर खिळ्यांना धर. उजव्यातही असेल तर बिचाऱ्यांना सोडून दे, ते तिकडे कधी गेलेच नव्हते.

आणि कप वेगळा करण्याआधी सूनबाईला काय वाटेल ते तुझ्या मनात आलं का? तिच्या हातची भाजी तू तिच्यासमोर नळाखाली धुतोस. माझ्या लेकीसमोर मी असं केलं असतं तर मला नळाखाली धरलं असतं. सांगून टाक तिला. आणि डॉक्टरकडे जा, मला काय विचारतोस.

कागदावर डाग पडलाय तो तंबाखूचा. मळता मळता लिहितोय.

काथ्या

१६ मार्च

काथ्या,

दोन्ही गालांत आहे.

तुझं पत्र हातात घेऊन तसाच उठलो आणि आरशापुढे गेलो. उजवीकडे बघायचं मला सुचलंच नव्हतं, कारण आग डावीकडे जास्त. आणि गंमत अशी की दोन्हीकडची जाळी जवळजवळ जोडीची आहे, सोफ्याचे दोन हात एकाच माणसाने भरावेत तशी. खिळे सुटले, हे मला मान्य आहे. पण मग हे काम कुणाचं?

भिंतीवरच्या आरशात मागचं दिसत नाही म्हणून मी एक हत्यार केलंय. सूनबाईच्या पावडरच्या डबीतला आरसा फुटला होता, त्यातला नखाएवढा तुकडा कापला, कडा दगडावर घासून गोल केल्या आणि आपल्या वाकड्या सुईच्या नेढ्याकडच्या टोकाला चिकटवला. टोकदार बाजू लाकडी मुठीत ठोकली. आता तो शेवटच्या दाढेच्या मागे जातो आणि तिथलं सगळं दाखवतो. अडचण एकच. गाल ओढायला एक हात, आरशाला दुसरा, आणि टॉर्च धरायला हात उरत नाही. शेवटी टॉर्च खुर्चीच्या पाठीला सुतळीने बांधला आणि खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसलो. नातीला वाटलं मी खुर्चीची माफी मागतोय.

तर दाढेमागे, जाळीच्या मधोमध, लाल जागा आहे. सोललेल्यासारखी. ती बघितली आणि दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. घरी सांगितलं, पेन्शनच्या कामाला जातोय.

बाई वयाने आपल्या पोरांएवढ्या, पण हात सावकाश चालतो. मला ते बरं वाटलं. दोन्ही गाल बघितले, हिरड्या बघितल्या, मग जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली आणि तिच्या दोन्ही कडा बघितल्या, खालून बघितली, मान चाचपली. मनगटावर खाज सुटणारं पुरळ येतं का विचारलं. गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारलं, मी रक्तदाबाची सांगितली. तंबाखू विचारली, मी कधीच नाही म्हणालो. खिळ्यांचं लाजेने बोललो नाही. मग म्हणाल्या, मला एका गोष्टीचा अंदाज आहे, पण खात्रीसाठी त्या लाल जागेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.

मी म्हणालो, नातीला शाळेतून आणायचंय, आणि उठलो. रस्त्यात आल्यावर आठवलं की त्या दिवशी शाळेला सुट्टीच होती. आता त्या बाईंना वाटलं असेल की नातीवर माझा फार जीव आहे. तो आहेच, पण पळालो मी तुकड्याला घाबरून. रेक्झिनवाल्याची बायको म्हणायची, कापलं आणि पसरलं.

तुझ्यासाठी दुसरा आरसा करून याच पार्सलात घालतोय. तुझ्या बेसिनवर माझा विश्वास नाही. गालांचं पुढचं बघून माणूस नवं रेक्झिन म्हणतो आणि मागे फाटलेलं असतं, हे आपण किती सोफ्यांत बघितलं. नीट आतपर्यंत बघ. तुझं तोंड आणि माझं तोंड शेजारी ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कुरकुऱ्या

२ एप्रिल

कुरकुऱ्या,

आरसा पोचला. मूठ तू तुटक्या हातोडीच्या दांड्याची केलीस ते ओळखलं, त्यावर अजून माझ्या दातांच्या खुणा आहेत. जावई म्हणतो, काका धंदा सोडून चुकले.

गाल दोन्ही बघितले, अगदी तळापर्यंत. जाळी नाही. खिळ्यांवरचा खटला मी कायमचा काढून टाकतोय.

आता मी विचारतो त्याची उत्तरं दे, आणि जाऊन येऊन दे, अंदाजाने नको. तुकडा काढतात तो कशाने? आधी सुई टोचतात का, आणि नेमकी कुठे? नंतर जेवता येतं का? उत्तर किती दिवसांनी येतं आणि तोवर माणसाने काय करायचं? जीभ फडक्यात धरून कडा का बघतात? आणि समजा, तोंडात काही आहे, पण ते झोंबत नाही, दुखत नाही, नुसतंच आहे, तर बाईंच्या मते ते बरं की वाईट? मला आपली उत्सुकता. तुझ्यासारख्या माणसाने ते करून दाखवलं तर जगात कुणालाही जमेल.

पळून आलास ते मी कुणाला सांगत नाही. पण परत जा.

तंबाखू सोडली. लेक फार मागे लागली होती. आता हाताला काय करावं कळत नाही, म्हणून तिच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या पुन्हा भरायला काढल्यात. पहिलीच्या पट्ट्या ताणून झाल्या. खिळे बशीत ठेवतो, तोंडात नाही.

काथ्या

९ मे

काथ्या,

तुझी युक्ती मला कळली, पण जाऊन आल्यावर. एवढे प्रश्न पाठवलेस की मला जाणं भाग पडलं. उत्तर न देता पत्र कसं लिहिणार. माझ्यासाठी तू इतका विचार केलास, वर तंबाखू सोडलीस, हे मी विसरणार नाही.

आधी घरचं सांगतो. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी भाजी नळाखाली धरली होती आणि सूनबाई मागे येऊन उभी राहिली. तिने नळ बंद केला. म्हणाली, "बाबा, माझ्या हातचं नको असेल तर तसं सांगा. पण कप वेगळा काढून मला परकी करू नका." मी ताट ओट्यावर ठेवलं. मी तोंड उघडलं आणि गाल ओढून दाखवला. ती आधी मागे सरकली, मग टॉर्च घेऊन आली. तिने तो धरला आणि मी आरसा फिरवला. खुर्चीपेक्षा कितीतरी बरा धरला. नात मध्ये डोकं घालून बघून गेली आणि तिने शेजारी जाहीर केलं की आजोबांच्या तोंडात कोळी राहतो. सूनबाई एवढंच म्हणाली की उद्या मी बरोबर येते, आणि उद्या नातीला कुठूनही आणायचं नाहीये. म्हणजे मी बाईंकडून पळालो तेही तिला कुठून तरी कळलं होतं.

आता तुझे प्रश्न. सुई टोचतात ती गालातच, त्या जागेच्या बाजूला. टोचताना मुंगी चावते तेवढंच, मग गाल भिजलेल्या गादीसारखा जड होतो. तुकडा काढतात तो आपल्या चामड्याला भोक पाडायच्या गोल पंचने, पण इवल्याशा. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा निघाला. मग दोन टाके घातले, आणि काथ्या, त्यांची सुई वाकडी असते. आपलीच सुई, फक्त पापणीएवढी. मी तोंडात कापूस असताना हातवारे करून ती बघायला मागितली. बाईंनी दाखवली. गाठही बघितली, तीन फेरे घेऊन बसवतात, सुटायची नाही. मग मी माझा धंदा सांगितला आणि ओघात खिळेही निघाले. त्या हसल्या नाहीत, नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, खिळ्यांनी हे होत नाही, पण घासणारी कुठलीही गोष्ट त्या जागेला वाईट. माझ्या दाढेची एक कड धारदार होती, ती घासून गुळगुळीत करून दिली. त्या रात्री गार मऊ भात जेवलो.

उत्तर यायला दोन आठवडे लागले. तोवर माणसाने काय करायचं म्हणतोस, तर मी कपाटातले सगळे कपडे झटकून परत त्यांच्या घड्या केल्या. तू खुर्च्या भर.

ते नाही. मी जो शब्द लिहीत नव्हतो ते नाही. याला लायकेन प्लॅनस म्हणतात, बाईंनी कागदावर लिहून दिलं म्हणून लिहिता येतंय. माझ्यापासून कुणाला लागत नाही. आपल्याच शरीराचे पहारेकरी गालाच्या कातडीला परकं समजून तिच्याशी भांडतात आणि त्या भांडणाची ती जाळी. भांडण का लागतं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, पक्कं कुणालाच ठाऊक नाही. एवढं शिकून ठाऊक नाही म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं, आणि मला का कोण जाणे धीर आला. कधी काही गोळ्यांनीही असंच दिसतं, म्हणून रक्तदाबाच्या डॉक्टरांना त्यांनी चिठ्ठी दिलीय. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

मलम दिलंय. जागा कापडाने टिपून कोरडी करायची, मलम पातळ लावायचं, चोळायचं नाही, आणि नंतर अर्धा तास खाणं नाही, पिणं नाही. बोललं तर ते निघतं म्हणून बोलणंही नाही. सूनबाईला हा सगळ्यात चांगला उपचार वाटतो. पेस्ट बदलली, फेस न येणारी, चव नसलेली. तिखट, आंबट, कढत बंद. माझी भाजी ती आता तिखट घालायच्या आधी बाजूला काढते. लाल जागा भरत आलीय. जाळी मात्र आहे. ती कदाचित कायम राहील, आग कमीजास्त होत राहील. आणि वर्षांनुवर्षांत एखाद्याचं बिघडू शकतं म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं. हे ऐकून मी खुर्चीत आणखी खाली गेलो, पण सूनबाईने लगेच पुढची तारीख घेतली.

जिभेच्या कडा बघतात, कारण तिथलं आपल्याला स्वतःला दिसत नाही. आणि तुझा शेवटचा प्रश्न, न दुखणाऱ्या गोष्टीचा, मी जसाच्या तसा विचारला. बाई लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, "दुखत नाही म्हणून काही नाही असं धरायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही तर दाखवायचंच. हे कोण विचारतंय?" मी म्हणालो, माझा मित्र, माझ्या काळजीने. त्या म्हणाल्या, "पण तुमचं तर दुखतंय." आणि परत लिहायला लागल्या.

कप एकत्र ठेवलेत. नात शेवटचा घोट घेते, कोळ्याला विचारून.

कुरकुऱ्या

२४ मे

कुरकुऱ्या,

वाचून बरं वाटलं. तुझं शरीरही तुझ्यावरच गेलंय, घरच्या माणसाचा कप वेगळा करतं. सूनबाईला माझा नमस्कार सांग. अर्ध्या तासाचं मलम दुकानात असताना मिळालं असतं तर आपण दुप्पट सोफे भरले असते.

सुईचं वाचून मजा वाटली. गाठीला तीन फेरे, हे चांगलं.

मी जावयाबरोबर काही दिवस मोठ्या गावाला जातोय. त्याचं काम आहे, मी आपला सोबतीला. कधी परत येईन ते नक्की नाही, तेव्हा पत्र टाकू नकोस, मी आल्यावर लिहीन. आरसा बरोबर नेतोय. तीन खुर्च्या झाल्या, चौथी तशीच उघडी आहे.

काथ्या

६ जुलै

काथ्या,

पत्र टाकू नकोस म्हणालास तरी टाकतोय. तुझ्या लेकीच्या पत्त्यावर टाकतोय, तू कुठेही असलास तरी तिथे पोचेल.

मध्यंतरी मलमाने माझ्या जिभेवर दह्यासारखा थर आला होता. त्यावर दुसरं औषध दिलं, गेला. आधीचा मी असतो तर तुला चार पानं लिहिली असती. या वेळी लिहायचं मनातही आलं नाही, कारण बाईंनी सांगून ठेवलं होतं की या मलमाने असं होऊ शकतं. ठाऊक असलेल्या गोष्टीला मला घाबरता येत नाही, असं दिसतंय.

थर दाखवायला गेलो तेव्हा बाईंनी विचारलं की तुमच्या त्या मित्राने दाखवलं का. मी म्हणालो, त्याला काय झालंय, त्याचे गाल स्वच्छ आहेत, दोनदा बघितले त्याने. त्यांनी हातमोजे काढले आणि विचारलं, "आणि जीभ?"

मी घरी आलो आणि तुझी पत्रं पलंगावर पसरून बसलो. सूनबाईला वाटलं माझं काही हरवलंय. गालांचं तू दोनदा लिहिलंस. आरसा मिळाल्यावरच्या पत्रात लिहिलंस की गाल दोन्ही बघितले, तळापर्यंत. जिभेचं काही लिहिलं नाहीस, फक्त विचारलंस की कडा का बघतात. विचारलंस की दुखत नसेल तर बरं की वाईट. आणि त्याच पत्रात तंबाखू सोडलीस, जी तू दोन वेळा दवाखान्यात पडलास तेव्हाही सोडली नव्हतीस. मी ते सगळं माझ्या खात्यात जमा करून घेतलं. माझ्या तोंडाशिवाय जगात तोंडच नाही अशा थाटात तुला आभार लिहिले. आणि तूही मला तसं करू दिलंस.

तो आरसा मी माझी खातरजमा व्हावी म्हणून पाठवला होता. त्यात तुला काय दिसलं, ते मला सांग.

जावयाचं काम असेल तर देव करो आणि जावयाचंच काम असो. पण जावयाच्या कामाला कुणी वाकड्या सुईचा आरसा बरोबर नेत नाही.

आपल्या दोघांत घाबरायचं काम माझं आणि हसवायचं तुझं, हे दुकानापासून ठरलेलं आहे. मला वाटतं तू त्या वाटणीमुळे अडकून बसलायस. तू घाबरला असशील तर तसं लिही. त्यातलं मला सगळं येतं. रात्री काय मनात येतं, सकाळी आधी कुठे बोट जातं, रस्त्यात कुणाचा गाल सुजलेला दिसला की कसं होतं, हे कुणाला समजावून सांगावं लागलं तर तुला माझ्याइतका जाणता माणूस मिळायचा नाही.

तुकडा काढला नसेल तर काढून घे. मुंगीएवढं टोचतं, मी जसं झालं तसंच लिहिलं होतं, तुला बरं वाटावं म्हणून कमी करून नाही. काढला असेल आणि उत्तराची वाट बघत असशील तर मी येतो. सूनबाईने माझी पिशवी भरलीय, मलम वरच्याच कप्प्यात ठेवलंय. मुलगा म्हणतो, मी गाडीत बसवून देतो. आणि उत्तर आलं असेल आणि ते वाईट असेल, तरी मी येतो. बाई म्हणतात, अशा गोष्टी लवकर हाती लागल्या तर काढून टाकता येतात आणि माणूस परत जेवायला बसतो. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्या ठाऊक नाही म्हणाल्या नाहीत.

लेकीला सांगितलंयस का? तिच्यापासून लपवून बेसिनपुढे एकटा उभा राहत असशील, तर मी करून बघितलंय म्हणून सांगतो, ते जमत नाही. एका हातात आरसा, एका हातात जीभ, आणि टॉर्चला माणूस लागतो.

तो मी धरीन. त्या उघड्या चौथ्या खुर्चीलाही दोन माणसं लागतील, स्प्रिंगा एकट्याने नीट बांधल्या जात नाहीत. मी आलो की बांधू.

फक्त काय आहे ते कळव. मोठं पत्र नको, विनोद नको, अक्षर वाईट आलं तरी चालेल. पोस्टमन दुपारी येतो आणि मी जेवण सोडून दारात जातो, सूनबाई रागावते. माझ्यासाठी नाही तर तिच्यासाठी तरी, हे मिळेल त्याच दिवशी दोन ओळी टाक.

वाट बघतोय.

कुरकुऱ्या